खाजरं पान

सवाई बेटावर मी पाच रात्री राहिले,
भिंती नसलेल्या खोलीत.
नऊ खांब, वर झावळ्यांचं छप्पर, एक मच्छरदाणी,
आणि दहा पावलांवर समुद्र,
रात्रभर काहीतरी मोजत असलेला, मध्येच चुकणारा
आणि पुन्हा एकपासून सुरू करणारा.
(एकतीस वर्षं मी बँकांचे हिशेब तपासले.
चुकणाऱ्याचा आवाज मला लगेच कळतो.)

भाचा म्हणाला होता, आत्या, एवढ्या लांब, एकटी?
त्यापेक्षा गोव्याला जा की.

सकाळी फुआतिनो थाळी आणायची:
पपईची फोड, गाळ राहिलेला कोको,
आणि पानीकेके, म्हणजे आपले गुलगुलेच,
फक्त वेलची घालायची राहिलेली.
मी खाताना ती खांबाला टेकून बसे.
घरी कोण कोण असतं, तिनं विचारलं.
मी एक बोट दाखवलं.
तिला वाटलं, मला अजून एक हवाय.
आणला.

रविवारी सगळं बंद.
झाडाला टांगलेली गॅसची रिकामी टाकी
कुणीतरी लोखंडानं बडवली,
आणि अख्खं गाव पांढरं होऊन चर्चला निघालं,
पांढऱ्या टोप्या, पांढरे परकर,
काळ्या लाव्ह्याच्या रस्त्यावरून.
त्याआधीच, उजाडता उजाडता,
इओआने आणि त्याचे भाऊ दगड तापवत होते.
इथे चुलीचं काम मुलग्यांचं.
धूर माझ्या मच्छरदाणीत शिरला
आणि तिथेच राहिला.

दुपारी मला मोठ्या घरात नेलं.
चटईवर बसवलं, पुढे केळीचं पान:
भाजलेला नीरफणस, आख्खा मासा डोळ्यांसकट,
आणि एक पुडी. उघडली, तर आत अळू!
अळूच, नारळाच्या दाट दुधात शिजून
हिरव्याचं जवळजवळ काळं झालेलं.
चिंच नाही, गूळ नाही, शेंगदाणे नाहीत,
तरी मी ओळखलं,
जसं परक्या स्टेशनावर
आपल्या गावचं माणूस चालण्यावरून ओळखू यावं.

मी दोन पुड्या संपवल्या. तिसरी घेतली.
लुपे, सहा वर्षांची, शेजारी बसून
विणलेल्या पंख्यानं माझ्या पानावरच्या माशा वारत होती.
हात बदलायची, पण थांबायची नाही.
बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं
की कुणीच जेवत नाहीये.
खांबांमागे पोरं, सात की आठ,
नजर पानावर नाही, अगदी शहाण्यासारखी समुद्रावर.
पाहुणी उठल्याशिवाय
या घराचं जेवण सुरू होत नव्हतं.

तिसरी पुडी अर्धी उघडलेली.
ठेवावी तर अपमान, खावी तर
घास खाली उतरेना.
मी हात धुतले. पोरं आली.
मी समुद्राकडे बघत बसले,
त्यांच्याइतकं शहाण्यासारखं मला जमलं नाही.

निघायच्या दिवशी वहीच्या पानावर बिल:
पाच रात्री, पाच न्याहाऱ्या,
माझ्या हातून फुटलेली कंदिलाची काच, बारा ताला.
मी सवयीनं बेरीज तपासली. बरोबर होती.
म्हटलं, रविवारचं जेवण राहिलं.
फुआतिनोनं इओआनेकडे पाहिलं,
इओआनेनं माझ्या बोटाकडे, बिलावरच्या रिकाम्या ओळीकडे.
दोघं काहीतरी बोलले, हसले,
आणि ती आत जाऊन
एक पुडी घेऊन आली, दोऱ्यानं बांधलेली.

म्हणजे पुन्हा तेच.
मी हिशेब सांगावा
आणि तिला वाटावं, हिला भूक आहे.

फेरीबोटीवर, मालाच्या ट्रकच्या सावलीत,
मी ती उघडली. गार झालेली.
दूध गोठून कडेला चिकटलेलं.
हे पान नीट शिजलं नसावं, कडेचं असणार,
घशाला खाज सुटली,
बारीक, हट्टी.
पाणी प्यायले तरी जाईना.
बेट मागे बसकं होत गेलं,
मी खाकरत राहिले,
आणि उरलेलं अर्धंही खाल्लं.